फवारणी पंपांच्या रांगेतला मी

मी बोलतोय. कोण ते विचारू नका, कारण त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. कुरिअरच्या खोक्यावर 'बॅकप्लेट' असं लिहिलं होतं. खोकं उघडताच प्रभावतीबाई म्हणाल्या, "हा कोन्या देशाचा तवा होय?"

"तवा नाही माय, पंपाची पाठ हाये," त्यांचा मुलगा धम्मरत्न म्हणाला. जन्मून महिना झाला नव्हता आणि माझी दोन बारशी झाली. मी तेव्हा जो गोंधळलो तो आजवर गोंधळलेलाच आहे.

स्टीलचा जाड पत्रा कापून, मधोमध पन्हळीसारखा बाक देऊन आणि भोकं पाडून कारखान्यात मला घडवलं. भोकांतून पट्टे ओवायचे, मला पाठीला बांधायचं आणि माझ्यावर हवेचा सिलिंडर आवळायचा. आम्हा दोघांच्या मधे हवेची एक पिशवी असते, तिला पंख म्हणतात. या पंखाने कोणी उडत नाही. त्यात हवा भरली की पाण्यातला माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. म्हणजे मी समुद्रासाठी जन्मलो आणि पोचलो पुसदला!

मला मागवलं होतं दीपमालानं, धम्मरत्नच्या धाकट्या बहिणीनं. तीन वर्षांपूर्वी तिचा मामा धर्मपाल धरणात बुडाला. बाहेरगावचे पाणबुडे येईपर्यंत घरची माणसं दोन दिवस काठावर बसून होती. तेव्हापासून प्रभावतीबाई भावाच्या आठवणीने धरणाचा रस्ता टाळतात, आणि दीपमालानं मात्र पाण्याचाच ध्यास घेतला. मालवणला जाऊन ती पाण्याखाली उतरायला शिकली. आता तालुक्यात शोधपथक उभं राहत होतं. चाचणी पार केली तरच नाव लागणार आणि सामान ज्याचं त्याने आणायचं.

माझी निवड म्हणजे स्थळं बघण्याचा कार्यक्रमच झाला. मोबाइलमधला एक जण सांगे, स्टील घ्या, खाली जायला कमरेला शिसं कमी बांधावं लागतं. दुसरा सांगे, अॅल्युमिनियम घ्या, प्रवासाला हलकं पडतं. तिसरा त्या दोघांनाही येड्यात काढी. धम्मरत्नचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान, तेव्हा पाठीवर काय बांधावं हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असा त्याचा पक्का समज.

"जड तेच टिकते," तो म्हणाला. "अन् पंख मोठा घे, कामी पडते."

"एका सिलिंडरले एवढा पंख कायले, दादा? पान्यात नुसता फडफड करीन."

शेवटी तडजोड झाली. त्याच्या मताने पावणेतीन किलोंचा मी आलो आणि तिच्या मताने तेरा किलो उचलणारा लहान पंख आला.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या लखीरामच्या शेतातल्या विहिरीवर सराव ठरला. "पंप बांधून विहिरीत कोन उतरते, बाई?" लखीराम हसला. दीपमालानं मालवणची वही काढली. तिथं ती सहा किलो शिसं बांधत असे. धम्मरत्ननं त्यात दोन किलो घातले.

"फवारता फवारता टाकी हलकी होते का नाही? तसाच तुया सिलिंडर रिकामा होत जाईन अन् तू वर तरंगशीन. मी रोज हेच पाहून राह्यलो."

बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून कोणाला शंका आली नाही.

आणि आम्ही दगडासारखे खाली गेलो. तीस फूट पाणी आणि तळाला गाळ. दीपमाला गुडघ्यापर्यंत रुतली. काही दिसेना. मला वाटलं, हिला मीच बुडवणार. तिनं पंखाचं बटण दाबून धरलं. पंख फुगून टम्म झाला, तेव्हा कुठे गाळानं पाय सोडले. काठावर येताच तिनं माझे पट्टे सोडले.

"म्हनलं होतं, पंख लहान पडते!" धम्मरत्न ओरडला.

"पंखानंच वाचवलं मले. हा पत्राच जड हाये," ती म्हणाली. "उद्या नाही जात मी."

प्रभावतीबाई काठावर उभ्या होत्या. त्यांना गप्प बसता आलं असतं. मुलगी आपणहून मागे फिरली होती, त्यांना हवं होतं तेच झालं होतं. पण त्या म्हणाल्या, "अंडं साध्या पान्यात बुडते, मिठाच्या पान्यात तरते. मालवनच्या पान्यात मीठ होतं नं, बाई? अन् तिथं हा तवा होता काय पाठीवर?"

दीपमालानं वही पुन्हा उघडली. मालवणला तिच्या अंगात हवा भरायचं साधं जाकीट होतं, पत्रा नव्हता, आणि सिलिंडर रिकामा झाला की हलका होतो, ते त्या सहा किलोंतच धरलेलं होतं.

सिलिंडरमधली हवा संपत आणून ती दोरी धरून पुन्हा पाण्यात उतरली. पंख रिकामा ठेवून एकेक किलो वर देत गेली. पाणी डोळ्यांच्या पातळीला येऊन ती स्थिर तरंगली, तेव्हा आठच्या आठ किलो शिसं काठावर होतं. माझं एकट्याचं वजन पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चाचणीत उतरली. यादीत तिचं नाव लागलं. ते वाचून प्रभावतीबाई रडल्या. आनंदानं की भीतीनं, ते मला कळलं नाही आणि त्यांनाही सांगता आलं नाही.

आता मी दुकानात फवारणी पंपांच्या रांगेत टांगलेला असतो. शेजारचे पंप उजाडताच कामाला जातात, संध्याकाळी दमून येतात. वस्तूला वाटतंच, आपलाही उपयोग व्हावा. पण माझा उपयोग म्हणजे कोणाच्या तरी घरची माणसं काठावर बसलेली. मग मी मागू तरी काय? नुसतं टांगलेलं राहायलाच मला इतक्या कौतुकानं आणलं का? पुष्कळ विचार केला, उत्तर सापडत नाही.

प्रभावतीबाईंना ते सापडलं असावं. रोज सकाळी त्या पदरानं मला पुसतात, बाकात हात फिरवतात आणि हळूच म्हणतात, "आज इथंच राह्य, बाप्पा."