माईसाहेबांचा कोमा

मी मालिकेत कोमात आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की करतेस काय?" आमच्या ह्यांनी, म्हणजे अनंतरावांनी, सोसायटीत उत्तर तयारच ठेवलंय. "शुभा रोज गोराईला झोपायला जाते. बोरिवलीत झोप लागत नाही तिला." मीही हसते. दात दिसतील इतपतच.

बँकेत असताना मी दरवर्षी नाट्यस्पर्धेत उतरायचे. निवृत्त झाले आणि ही भूमिका मिळाली. माईसाहेब म्हणजे घरातली करारी सासू. कमरेला किल्ल्या, तोंडात धार, समोरच्याला वाक्य पूर्ण करू द्यायचं नाही. अशी बाई मला आयुष्यभर करायची होती. सुरुवातीचे काही भाग मी असे काही दणकून केले की भाजीवालासुद्धा वचकून वागायला लागला. आणि मग लेखकाला काय दुर्बुद्धी सुचली, त्याने माईसाहेबांना जिन्यावरून खाली पाडलं.

"थोडेच दिवस, ताई," दिग्दर्शक चैतन्य म्हणाला होता. गणपती आले, गेले. दिवाळी झाली. मी आपली गोराईच्या, शूटिंगसाठी भाड्याने घेतलेल्या बंगल्यात पलंगावर पडून. माझ्याकडे रूप नव्हतंच कधी, होता तो आवाज. नेमका तोच बंद केला मेल्यांनी.

बरं, पडायचं तर कसंही पडावं की नाही? ते मला जमत नाही, स्वभावच तसा. मिटलेल्या डोळ्यांच्या आत बुबुळं हलली की पापणी थरथरते आणि कॅमेरा लगेच चुगली करतो. म्हणून मी डोळे मिटून नाकाच्या शेंड्याकडे बघते. श्वास पोटाने घेते, चादरीखाली. आणि सगळ्यात अवघड काम हाताचं. कोणी आपला हात हातात घेतला की नवखा नट तो स्वतःच उचलून देतो. तसं करायचं नाही. सगळं वजन समोरच्याच्या हातात सोडायचं. माझ्या सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्यांचा हात किती जड लागायचा ते मला ठाऊक आहे.

हे सगळं कोणाच्या लक्षात येत नव्हतं. मालिकेत माझी सून झालेली अक्षता तर सुरुवातीला तोंडावर म्हणाली होती, "तुमचं बरंय ताई. पाठांतर नाही, काही नाही. नुसतं पडायचं." घाटकोपरची मुलगी, जे मनात ते ओठांवर. वाईट नव्हती. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर मागच्या महिन्यातली गोष्ट. मी मेकअप करून बसले होते. मेकअप म्हणजे काय, ओठांवर थोडी पांढुरकी पावडर. चैतन्य आला आणि दार लोटून घेतलं.

"ताई, कोणाला बोलू नका हां. आज अक्षताचा मोठा सीन आहे. जिन्यावर त्या दिवशी तीच होती, हे ती तुमच्यापाशी कबूल करते. तीन पानी आहे. हा सीन चालला तर चॅनलवाले कोमा पुढे खेचणार. पडला, तर ट्रॅक बंद. मग तुम्ही पुढच्या आठवड्यात डोळे उघडता."

"उघडून?"

"उघडून काय, धमाल! सीन लिहून तयार आहे." त्याने मोबाइलवर वाचून दाखवलं. "सगळे हॉलमध्ये भांडतायत. माईसाहेब दारात येतात आणि म्हणतात, मी झोपले होते, मेले नव्हते. किल्ल्या आणा."

माझ्या अंगावर काटा आला. वाक्य तिथेच पाठ झालं. तो गेल्यावर मी आरशासमोर ते हळू आवाजात म्हणून पाहिलं. मग जरा मोठ्याने. दरवाज्याबाहेर कोणीतरी खोकलं, तेव्हा गप्प बसले.

सीन पाडणं काही कठीण नव्हतं. रडण्याचा लांब सीन नटाला दोनदा, फार तर तीनदा जमतो. त्यानंतर पाणी आटतं, नुसता आवाज उरतो. दर वेळी ऐन रंगात माझी पापणी हलली तर झालं. म्हातारी बाई आहे, हलते कधी कधी पापणी. मला कोण बोलणार?

पहिला टेक सुरू झाला. अक्षता पलंगाजवळ बसली. तिने माझा हात हातात घेतला आणि बोलायला लागली. काय बोलत होती पोरगी! एरवी ती वाक्यं फेकायची. आज तिने आवाज खाली आणला होता, जणू मला एकटीलाच सांगत होती. शेवटच्या पानावर ती आली, आवाज फुटला, आणि मी पापणी हलवली.

"कट!" चैतन्य ओरडला. "आयला, काय चाललेलं यार! ताई, डोळा हलला."

मी डोळे उघडले. अक्षताचं नाक लाल झालं होतं, काजळ गालावर आलं होतं. आता चिडेल असं मला वाटलं. तिने माझा हात दोन्ही हातांनी उचलून अलगद चादरीवर ठेवला.

"सॉरी ताई. मी जोरात दाबला का हात? ध्यानच राहिलं नाही मला." मग वाकून हळूच म्हणाली, "खरं सांगू? बाकी कोणासमोर मला असं बोलता येत नाही. कुणी मोबाइल बघतं, कुणी स्वतःची लाइन आठवत असतं. तुम्ही ऐकता. हाताच्या वजनावरून कळतं मला."

मला अशी लाज वाटली की काय सांगू! इतके महिने मी धुमसत होते की माझं काम कोणाला दिसत नाही. जिला दिसत होतं, तिच्याच पाठीत मी सुरी खुपसली होती.

दुसरा टेक तिचाच बिघडला. रडू येईना. ती घाबरली, वाक्यं विसरली. चैतन्य घड्याळ बघायला लागला. सीन आपोआप पडत होता, मला काहीच करायचं नव्हतं. तिसऱ्याला तिने माझा हात घेतला तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त वजन सोडलं, खांद्यापासून. तिने एक क्षण थांबून तो सावरला. मग तिचा श्वास लयीत आला आणि ती बोलू लागली. मी नाकाच्या शेंड्याकडे बघत तिचा शब्द न् शब्द ऐकला. माझ्या स्वतःच्या घशात आवंढा आला होता, तो तिचं वाक्य संपेपर्यंत गिळला नाही. जीव घुसमटला, पण गिळला नाही.

कट झाला. लाइटवाला नंदकिशोर नाक ओढत होता.

भाग दाखवला गेला आणि आठवड्याने चैतन्य पुन्हा माझ्याकडे आला. त्याला बोलायला जड जात होतं.

"ताई, सीन तुफान चालला. सगळीकडे त्याचीच क्लिप फिरतेय." त्याने मोबाइल खिशात ठेवला. "कोमा पुढे नेतायत. गुढीपाडव्यापर्यंत तरी. तो उठण्याचा सीन काढून टाकला."

मला रडू आलं. आलं ते आलं, त्याच्यासमोरच आलं. किल्ल्या मागायच्या राहूनच गेल्या. चैतन्य बिचारा पाण्याची बाटली पुढे करून उभा राहिला.

डोळे पुसून मी सेटवर गेले. अक्षता पलंगाशी बसून तिची पानं पाठ करत होती. मी आडवी झाले, एकदा डोकं टेकवून पाहिलं आणि चैतन्यला हाक मारली.

"अरे, ही उशी बदलायला सांग. फार उंच आहे. गळ्याची शीर उडताना दिसते."