माझी तिसरी पिन

मी एक जुनी नारिंगी एक्स्टेंशन वायर आहे, मित्रांनो. पन्नास फूट लांब, बोटाएवढी जाड, आणि संतापलेली. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या तीन तारा घातल्या आणि तोंडाला तीन पिना बसवल्या. दोन पिना वीज आणतात, नेतात. तिसरी, गोल, ती अर्थिंगची. एरवी तिला काहीच काम नसतं. पण एखाद्या यंत्राच्या लोखंडात चुकून वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून जाऊ न देता जमिनीकडे वळवायची, हे तिचं काम. माझा सगळा अभिमान त्या पिनेत होता.

मला घरी आणलं रुडी कोस्कीने. अमेरिकेत मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणीत एकतीस वर्षं राबून निवृत्त झालेला माणूस. मनाने वाईट नाही, पण हट्टी, आणि वर स्वतःला फार शहाणा समजणारा! त्याच्या गल्लीत नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण झाला की नाताळसाठी घरोघरी दिवे चढतात. समोरच्या व्हर्न टॉलेफ्सनची रोषणाई बघायला लोक गाड्या थांबवायचे, आणि इकडे रुडीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

म्हणून त्या वर्षी त्याने लोखंडी सळ्या जोडून पुरुषभर उंचीचं हरीण केलं. अंगभर दिवे आणि मान डोलवायला मोटर. मोटर कुठली? अंगणातल्या शेगडीवर कोंबडी फिरवतात, तिची! तिचाही प्लग तीन पिनांचा. पण ओसरीवरचं पॉइंट जुनं, दोनच भोकांचं. माझं तोंड त्यात शिरेना.

रुडीने पक्कड घेतली आणि माझी तिसरी पिन कडकन मोडली. मोडली आणि बर्फात फेकून दिली! आजही आठवलं की माझं मस्तक फिरतं.

व्हर्न रस्ता ओलांडून आला होता. तो वीज मंडळात तारांवर काम केलेला माणूस. त्याने हे पाहिलं.

"अरे, काय करतोस हे? मेलास तर तुझ्या दारातला बर्फ कोण काढणार?"

"तुझं पोट दुखतंय, दुसरं काही नाही," रुडी म्हणाला.

"दुखू दे. शनिवारी येतो, नवं पॉइंट बसवून देतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"राहू दे. खाणीत मी तुझ्या बापाच्या वयाच्या मशिनी चालवल्यात."

मोटरवर बर्फ पडू नये म्हणून या शहाण्याने काय बांधलं, माहीत आहे? पावाची रिकामी पिशवी! तिच्यात बर्फ शिरला, मोटरच्या उबेने वितळला, आणि पाणी आतच साठलं. आठवड्याभरात हरणाच्या सळ्यांत वीज उतरली. ती जमिनीत न्यायला माझ्याकडे पिन नव्हती. मला सगळं कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

एका दुपारी रुडीने हातमोजे काढून हरणाच्या शिंगाला तार आवळली आणि बोटं झटकली. "बोटं कशी झिणझिणतायत! काय थंडी पडलीय!"

थंडी! अरे गाढवा, ती वीज होती. उणे वीसच्या थंडीत जन्म काढलेल्या माणसाला प्रत्येक झिणझिणी थंडीचीच वाटते. जमीन दगडासारखी गोठलेली आणि पायात जाड रबरी बूट, म्हणून वाचला. त्यांचा कुत्रा बस्टर हरणाला नाक लावून केकाटत पळाला, तेव्हा रुडीची बायको डोरीन म्हणाली, "त्याला काहीतरी कळलंय, रुडी."

"म्हातारा झालाय तो."

"आणि तू?"

त्याच संध्याकाळी फोनवर सहा वर्षांची नात आनिका विचारत होती, "आजोबा, मी हरणाला हात लावू?"

"हात काय, पाठीवर बस त्याच्या!"

मी ओसरीवर पडल्या पडल्या हे ऐकलं. त्या पोरीचा हात आणि ते हरीण, यांच्यामध्ये आता कुणीच उरलं नव्हतं. मी तर नव्हतेच.

आनिका आली त्याच दिवशी हवा फिरली. बर्फ वितळला, अंगणात चिखलपाणी झालं. चारच्या सुमाराला दिवे लागले, हरीण मान डोलवू लागलं, आणि पोरगी लाल मफलर घेऊन धावत सुटली. "मी घालणार त्याच्या गळ्यात!"

"थांब गं, निसरडं आहे. दे इकडे," म्हणत डोरीन घरातल्या सपाता घालूनच पाण्यात उतरली. तिने उजव्या हाताने हरणाची मान धरली.

तो हात सुटेना. तिच्या तोंडून आवाज फुटेना. आनिकाला वाटलं, आजी गंमत करतेय. ती हसली आणि आजीचा कोट धरायला पुढे आली.

"मागे हो, पोरी! हात लावू नकोस!" व्हर्न रस्त्यापलीकडून ओरडला. तो डोरीनला धरायला गेला नाही. सरळ ओसरीवर धावला आणि त्याने मला हिसडा मारून पॉइंटातून उपटलं. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा: आधी वीज बंद, मग माणूस.

डोरीन वाचली. तळहात भाजला, आणि दोन बोटं आजही मिटत नाहीत. आणि रुडी? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत सुटला, "वायरच खराब निघाली!" नाचता येईना, अंगण वाकडं! मी खराब? मला खराब कुणी केलं रे?

बरं, मग फेकायचं तरी! तेही नाही. "पन्नास फूट चांगलं तांबं आहे," म्हणून मला पुन्हा गॅरेजातल्या खिळ्याला टांगलं. पुढच्या नोव्हेंबरात तो शेजारच्या नव्या भाडेकरूला सांगताना मी ऐकलं, "ने की माझी वायर. कुठल्याही पॉइंटात बसते."

डोरीन दारात उभी होती. तिने आत येऊन झाडं छाटायची मोठी कात्री काढली. उजवा हात मिटेना, म्हणून एक दांडा काखेत दाबला, दुसरा डाव्या हाताने ओढला, आणि मला मधोमध कापलं. मग पुन्हा. मग पुन्हा.

"अगं, चांगली होती ती!" रुडी ओरडला.

"होती," डोरीन म्हणाली. "तू पिन मोडलीस, त्या दिवसापर्यंत."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी टांगलेली असेल. आज तिचं तोंड बघा. पिन मोडलेली असेल, तर तिच्यावर दया करू नका. मोठ्या माणसाला हाक मारा आणि तिचे तुकडे करायला लावा. ती रागावणार नाही. डोरीनच्या कात्रीखाली मीही रागावले नव्हते.