पाणी माझ्यापासून लांब का जातं

"पाणी माझ्यापासून लांब का जातं?" हे शाळेतल्या संगणकाला विचारून दाखव, अशी पैज जुई आणि तन्झीला या माझ्या मैत्रिणींनी लावली. मी लगेच विचारलं.

तोपर्यंत पाणी फक्त हातभर सरकायचं. मी घाटावर गेले की कृष्णा एक पायरी खाली उतरायची, एवढंच.

आमचा संगणक खुणा गोळा करतो आणि त्यांना सगळ्यांत नीट बसेल ते कारण निवडतो.

"पोहतेस?"

"नाही."

"घरातले पोहतात?"

"सगळे."

"तेव्हा तू कुठे असतेस?"

"काठावर."

"मग तुला पाण्याची भीती आहे. पाणी समजूतदार आहे, म्हणून बाजूला होतं."

"तरी म्हटलं!" जुई म्हणाली.

त्या दिवसापासून सगळं त्या कारणाला बसत गेलं. मला बघून नळ बंद व्हायचा. माझी आमटी बाबांच्या वाटीत जायची आणि बाबा मुकाट्याने दुप्पट खायचे. "भितीय ना ती, राहू दे," आई म्हणायची. तिसऱ्या दिवशी तांब्या उलटा केला तरी पाणी तळाला चिकटून बसलं. माझी जीभ खडूसारखी झाली.

"अगं, पण काठावर तू करतेस काय?" तन्झीलाने विचारलं.

"चपला सांभाळते."

"का?"

मी सहा वर्षांची असताना काका मला म्हणाला होता, "ओवे, चपलांकडं बघ जरा, कुत्रं नेतंय." मग 'पुरे आता' म्हणायला तो विसरला. आणि मी भित्री आहे, हे मीसुद्धा मानून बसले होते!

धावत जाऊन मी संगणकाला सांगितलं.

"भीती काढतो," तो म्हणाला. "तिच्यावर उभं केलेलं सगळं काढतो. काठ आणि चपला ठेवतो, ते खरं आहे."

"चुकलास ना पण?"

"तेव्हा तेवढंच दिसत होतं."

कोपऱ्यातल्या माठातून पाणी उतरलं, फरशीवरून आलं आणि माझ्या ओंजळीत चढलं. काय गार होतं! मी पाच ओंजळी प्यायले आणि मोठ्याने हसले.

घरी आले तर नदी आमच्या जिन्यात येऊन बसली होती. आई-बाबा सगळ्यांत वरच्या पायरीवर पाय आखडून होते.

"ओवी, मागे हो, भिशील!" बाबा ओरडले.

नदी माझ्याकडे एक पायरी सरकली. मी दप्तर खाली ठेवलं.

"आई, बाबा, मी पोहायला शिकणार आहे. आत्ताच. पाठीला बांधायला रिकामा डबा टाका एक खाली."