परक्या हातची चूल

कयाधूच्या काठाला, हिंगोलीच्या दवाखान्यामागच्या उतारावर मंजुळेच्या चार खोल्या होत्या. एका रांगेत, एकाच पत्र्याखाली. तिच्या गोठ-पाटल्या मोडून नवऱ्यानं, किसनरावांनी त्या बांधून घेतल्या होत्या. "दसरा झाला की जिनिंगच्या गिरणीवर माणसं लोटतात," ते म्हणाले होते. "एकीत आपण राहू, तीन भाड्यानं जातील. खोल्या काही पळून जात नाहीत." खोल्या नाही पळाल्या, पण पत्रे चढले न चढले तोच निजामाच्या रेल्वेनं किसनरावांनाच उचलून पार वाडी जंक्शनला नेऊन टाकलं. तिथं क्वार्टर मिळेना. मंजुळा दीड वर्षाच्या वच्छीला घेऊन मागं राहिली.

दसरा झाला. माणसं लोटलीही. पलीकडच्या गळक्या छपरांत मेंढरं कोंडावीत तशी ती कोंबली गेली, आणि मंजुळेच्या कोरड्या, चुना दिलेल्या तीन खोल्या तशाच रिकाम्या.

थोरले दीर संतराम सेनगावहून येऊन सांगून गेले होते, "दिवाळीपर्यंत बघू. भाडेकरू लागले तर बराबर, नाहीतर गिऱ्हाईक आहे, विकून टाकू. एकटी बाई नदीकाठी कशाला? घर आहे ना आपलं सेनगावला."

माणूस वाईट नव्हता. घरही वाईट नव्हतं. पण मागच्या श्रावणात त्याच घरात वच्छीची छाती भरली, ओठ निळे पडले, आणि दवाखान्याला निघालेली गाडी ओढ्याच्या चिखलात रुतून बसली. मांडीवर तडफडणारं लेकरू घेऊन मंजुळेनं बैलांच्या पाठीकडं बघत जो दिवस काढला, तो तिच्या अंगातून अजून गेला नव्हता. इथं वरच्या अंगाची खिडकी उघडली की दवाखान्याचं कौलारू दिसे. ते दिसलं की तिला झोप येई.

बाया खोली बघायला येत, नाही असं नाही. मंजुळा दाराआडून बघत राही. त्या पत्र्याकडं बघत, मोरीत डोकावत, खिडकीतून नदी बघून एकमेकींकडं मान हलवत. मग कोपऱ्याकडं नजर जाई, आणि पदर सावरून "सांगतो बाई घरी इचारून" म्हणत निघून जात. परत कुणी येत नसे.

काय खुपतं यांना? तिला वाटे, आपलं बोलणं. पुण्याला मावशीकडं राहून कॉलेज केलेलं, त्यामुळं तोंडातून शब्द जरा इस्तरी करूनच निघत. वाटे, नवरा जवळ नसलेली बाई. एकदा तर वाटलं, वच्छीचा खोकला ऐकून पळतात.

आणि खोल्या तर तिनं किती जीव लावून सजवल्या होत्या! मावशीच्या चाळीत फळी, मोरी, चूल सगळं तयार मिळे. म्हणून तिनंही तिन्ही खोल्यांत आपल्या हातानं चुली घातल्या, सारवल्या. वाळाव्यात म्हणून रोज पाळीपाळीनं पेटवल्या. एकीवर दूध, एकीवर भात, एकीवर नुसतंच पाणी. चारी खोल्यांतून धूर निघाला की घडीभर वाटे, शेजार आहे.

धुरपताबाई आली तेव्हा मंजुळा आड राहिली नाही. वसमतकडची, जिनिंगवर सरकी वेचणारी, संगं पोटुशी सून पारू. म्हातारीनं खोली बघितली, कोपरा बघितला, वळली.

"थांबा," मंजुळा वाटेत उभी राहिली. "काय वाईट आहे खोलीत? सांगून तरी जा."

"खोलीत काय बी न्हाई. झकास हाय."

"मग?"

"चूल कोनाची ती?"

"मीच घातली. तुम्हाला तकलीफ नको म्हणून."

धुरपताबाईनं कपाळाला हात लावला. "आन् पेटवली बी? रांधलं बी? आता बया! चूल तुमची, राख तुमची, मंग तुमीच जेवून राहा की तितं. आमाला काहून बोलावता? आमी काय पाव्हणे हाव?" पारू पदरात हसली. "भिताडं भाड्यानं भेटतात बाई. चूल भेटत न्हाई. जिचा संसार तिनं घालावी."

"मोडून टाकते मी."

"पेटती चूल मोडाल? मालक गावाला, मांडीवर लेकरू?" म्हातारीचा आवाज उतरला. "तुमचं तुमी बघा, माय. आमी न्हाई सांगणार मोडा म्हून."

त्या गेल्या. मंजुळा चुलीपुढं बसली. चूल मोडली की घर मोडतं, हे तिनंही ऐकलेलं होतं. कॉलेजात त्यावर हसलीही होती. आता हसू येईना. वच्छी झोपली होती. तिच्या छातीला कान लावून तिनं ऐकलं, खिडकीतून कौलारू बघितलं, आणि पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला. पहिली एका घावात मोडेना. दुसरीत राख अजून कोमट होती. तिसरी मोडून झाल्यावर ती माती तिनं ओच्यात भरून नदीत सोडली आणि वच्छीला कडेवर घेऊन, धुरपताबाईला सांगायला गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पारूनं काठावरची चिकण माती आणली. मंजुळा बघायला गेली, तर धुरपताबाईनं दार अर्धं लोटलं. "रागावू नका बाई. पयल्या दिशी चुलीपाशी घरच्यांनीच." आठवड्यात उरलेल्या दोन्ही खोल्यांतही बिऱ्हाडं आली.

दिवाळीच्या तोंडावर संतराम आले. चारी खोल्यांचा धूर बघून अंगणातच थांबले. "लागले म्हणायचे. मग राहा," म्हणाले, वच्छीच्या हातात बत्तासे ठेवले आणि उजेड आहे तोवर गाडी जुंपून निघाले.

संध्याकाळी मधल्या भिंतीवरून, पत्र्याखालच्या फटीतून, पारूच्या ओल्या लाकडांचा धूर मंजुळेच्या खोलीत उतरला. वच्छी खोकू लागली. मंजुळेनं श्वास धरून ऐकलं. कोरडा होता खोकला, छातीतला नव्हता.

भिंतीपलीकडून पारूचा आवाज आला, "बाई, धूर लागून राहिला का वो लेकराला?"

"नाही," मंजुळा घाईनं म्हणाली. "असू द्या."

पुढं काही बोलणं येईल म्हणून ती थांबली. पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, कुणीतरी हसलं. मंजुळेनं वच्छीला कडेवर घेतलं, नदीकडची खिडकी सताड उघडली आणि डोळे चोळत तिथंच उभी राहिली.