यवनाच्या पंगतीला

हरकचंद मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि मी ते लपवलंही नाही. सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात तो आपल्या काकांना घेऊन पुण्याहून जुन्नरला आमच्या रतनला पाहायला आला. रतन माझ्या भावाची, सुवालालची थोरली. पाहण्याचं काम चहाबरोबरच उरकलं, पण पाहुण्यांना लेणी बघायची होती. विलायतेहून परतताना हा ग्रीस फिरून आला होता, आणि आमच्या लेण्यांत तिथल्या लोकांनी, म्हणजे यवनांनी, दानं दिलीत असं त्यानं वाचलं होतं. पुण्याची सुधारलेली माणसं, नाही कसं म्हणायचं? सुवालालनं पीरमहंमदचा टांगा सांगितला आणि रतनच्या सोबतीला मला बसवलं.

शिवनेरीच्या पोटातली ती लेणी गाठेपर्यंत माझे गुडघे बोलू लागले. एक मोठं दालन दाखवून हरकचंद म्हणाला की, चिट नावाच्या यवनानं भिक्खूंना जेवायला हे कोरून दिलं. खाली शेळ्यांच्या लेंड्या, वर वटवाघळं, आणि वास असा की पदर नाकावरून काढवेना. पण जेवायचं तर इथंच, असा त्याचा हट्ट. मी कोपरा झाडला, पुऱ्या सोडल्या.

जेवताना त्याचं ग्रीस सुरू झालं. तिथली पडकी देवळं, पांढरे खांब, इथवर ठीक होतं. मग बंदरावर आठ पायांचा प्राणी दगडावर आपटून मऊ कसा करतात, दोरीवर वाळवून, भाजून, लिंबू पिळून कसा खातात, ते आलं. आम्ही जैन. पाणीसुद्धा गाळून पिणारी माणसं. तुम्ही खाल्लंत का, म्हणून मी विचारलं. चाखला, म्हणाला, फिरायला गेल्यावर सगळं चालतं. काका हसले. माझ्या हातातली पुरी तिथंच राहिली.

जेवण झाल्यावर तो शेजारच्या टाक्याकडे गेला. तेही एका यवनाचंच दान, आणि गुराखी त्यातलंच पाणी पितात. यानं खळखळून चूळ भरली आणि त्याच टाक्यात टाकली. पुरीचा तुकडा पाण्यावर तरंगताना मी पाहिला. शिसारी आली मला. रतननंही पाहिलं, आणि तिचा चेहरा पाहून मला कळलं की आता ही मुलगी याच्या घरात जायची नाही.

त्याला ते कळलं की काय कोण जाणे. खिशातला चाकू काढून त्यानं भिंतीच्या जुन्या गिलाव्यात ठळक कोरलं : हरकचंद, रतन.

“यवनाचं नाव दोन हजार वर्षं टिकलं,” तो हसत मला म्हणाला. “आता तुम्हाला नाही म्हणायची सोय राहिली नाही, आत्याबाई.”

घरी मी सुवालालला सगळं सांगितलं. चूळ त्याच्या कानाआड गेली, नाव तेवढं ऐकू आलं. लेण्यांत माणसं जातात, वाचतील, पोरीला दुसरं स्थळ मिळायचं नाही, असं म्हणून तो डोकं धरून बसला. उद्या होकाराचा नारळ देऊन टाकतो, म्हणाला. मी भांडले. उपयोग झाला नाही.

सकाळी देवळात जाते सांगून रतन गेली, ती पाहुणे निघायच्या वेळेला आली. नखांत पांढरी माती, हातात खुरपं. सुवालाल हरकचंदपुढं नारळ धरून उभा होता. ती मध्ये येऊन उभी राहिली.

“बाबा, मी वर जाऊन आले,” ती म्हणाली. “ह्यांचं नाव खरवडून टाकलं. माझं ऱ्हाऊ दिलंय. मी लाज वाटण्यासारखं काय केलंय?”

काकांचा चेहरा पडला. हरकचंद काहीतरी बोलायला गेला, पण सुवालाल त्याच्याकडे पाहतच नव्हता. तो लेकीच्या नखांकडे पाहत होता. मग त्यानं नारळ माझ्या हातात दिला. मी तो आत नेला आणि पाहुण्यांचा टांगा हलायच्या आधी चटणीला फोडला.