चार महिन्यांची मुदत

पुण्याच्या शिवांजलीचं ते पत्र कल्याणरावांना शब्दन् शब्द आठवत होतं. उत्तर मात्र त्यांनी दिलं नव्हतं.

‘ओसरी’ ही इंटरनेटवरची शाळा. तिला मालक नाही. हौशी माणसांनी फुकट घडवलेली, कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी. तिची बातमीपत्रं शिवांजली धाडायची. शिरूर कासारच्या वाचनालयातल्या एकुलत्या एका संगणकावर निवृत्त मास्तर कल्याणराव पोरांना ‘ओसरी’त बसवायचे. गेल्या वर्षी दसऱ्याला तिनं ईमेलनं विचारलं होतं, ‘सर, नव्या आवृत्तीत चार महिने न फिरकलेल्या विद्यार्थ्याचं नाव आणि झालेले धडे आपोआप पुसले जातील. जागा वाचते. तुमच्याकडे काही अडचण?’

अडचण होती. दिवाळीला अर्धं गाव ऊसतोडीला जातं, ते गुढीपाडव्यालाच परततं. कल्याणरावांनी कितीदा लिहिलं आणि खोडलं. एवढे शिकलेले इंजिनिअर. त्यांना आपण काय सांगावं? दुसरं कुणी सांगेलच.

पाडव्यानंतर अंजू आली. रापलेली, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. आश्रुबा आणि चतुराबाईची ही पोर अपूर्णांकांपर्यंत पोचली होती. तिनं नाव टाकलं. पुन्हा टाकलं.

“गुरुजी, माजं नाव न्हाई म्हणतंय ह्ये.”

कल्याणरावांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. “घालू की पुन्हा.”

“आन् झालेले धडे?”

 दाराला टेकलेली चतुराबाई हसली. “फडावर मुकादम रोज नाव घिऊन वरडतो तिच्यावर. तुमचं मशीनच कसं इसरलं, गुरुजी?”

“पहिल्यापासून करावं लागेल. मी बसतो ना तिच्याजवळ.”

“पैल्यापास्नं? तवर तिचं लगीन हुईल, बाबा!”

थट्टाच होती ती. पण अंजू उठली ती पुन्हा आली नाही. तिच्या घरी जायचं कल्याणराव रोज ठरवत आणि अर्ध्या वाटेतून परत फिरत.

यंदा दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक चौकात भरत होता. अंजू वर बसली होती, हिरव्या चुड्यात. शेजारी मिसरूडही नीट न फुटलेला नवरा.

“कावून तोंड लपिवता, गुरुजी?” खाली मान घालून निघालेल्या कल्याणरावांना चतुराबाईनं हाक मारली. “यंदा तिचाबी कोयता झाला बगा!”

फडावर नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात.

“मी... नाव घालून ठेवतो हं तुझं,” कल्याणराव वर बघत पुटपुटले.

“नगा घालू, गुरुजी,” अंजू म्हणाली. “परत पुसंल.”

ते वाचनालयात आले. ‘ओसरी’चं नवं बातमीपत्र येऊन पडलं होतं. कुठं कुठं नव्या शाळा जोडल्या, कुणाकुणाचे आभार. पुढची आवृत्ती जानेवारीत. चार महिन्यांची मुदत आता दोनवर येणार होती. ‘कुणाचीही तक्रार आली नाही.’

कल्याणरावांनी शिवांजलीचं जुनं पत्र काढलं आणि त्याला उत्तर लिहिलं, ‘अडचण आहे. आमची मुलं दिवाळीला ऊसतोडीला जातात, गुढीपाडव्याला येतात. तोवर त्यांची नावं राहू द्यावीत. हे मी वर्षापूर्वी सांगायला हवं होतं.’

एकदा वाचायला घेतलं की आपण खोडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चौकात ट्रकचा हॉर्न वाजला. त्यांनी न वाचताच पत्र पाठवून दिलं.