अंशतः समाधान

काशीत मुन्शी घाटाच्या वरच्या अंगाला त्या शाळेचं ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर होतं. पुराच्या दिवसांत गंगेचा उजेड खिडकीतून आत शिरे आणि छतावर हलत राही. श्रावणात तिथे बसणाऱ्याला आपण पाण्याच्या तळाशी बसलोय असंच वाटे. ग्रंथपाल देवव्रत सरांना सत्तावीस वर्षं तसं वाटत होतं. त्यांची काही तक्रार नव्हती.

पद्धत त्यांनीच बसवलेली. मुलांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. तीन दिवसांत सर खाली पुस्तकाचं नाव आणि पान लिहून देत. ते वाचून मुलाने खूण करायची : समाधान झालं, अंशतः झालं, झालं नाही. नोंदवहीत मात्र रकाने दोनच होते. 'अंशतः'ला जागा नसल्यामुळे सर ते 'झालं'मध्ये बसवत. हा निर्णय पहिल्याच वर्षीचा, आणि इतका सोयीचा निघाला की त्याचा फेरविचार करायची कधी गरजच पडली नाही. 'झालं नाही'चा रकाना सत्तावीस वर्षं कोरा होता.

शिक्षकदिनी सरांचा निरोप समारंभ होणार होता. मानपत्र छापून आलं होतं : 'एकही विद्यार्थी उत्तरावाचून परतला नाही.' सरांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा शुद्धलेखनासाठी.

मानपत्र आलं त्याच आठवड्यात सहावीतल्या स्वरदाची चिठ्ठी आली. 'पूर आला की घाटाच्या बुडालेल्या पायऱ्यांवर कोण बसतं?'

सरांनी गंगेतल्या माशांवरचं पुस्तक दिलं. चिठ्ठी परत आली : 'झालं नाही. मासे बसत नाहीत.' मग पूरनियंत्रणाचा अहवाल दिला. 'झालं नाही. यात पाणी किती ते आहे, कोण ते नाही.' शेवटी पुराणातल्या नद्यांचं पुस्तक काढलं. 'झालं नाही. देवी मगरीवर बसते.'

"पोरीला बोलवा आणि 'अंशतः'वर खूण करून घ्या की," मदतनीस सुरेखाताई पुस्तकं झटकत म्हणाल्या. "नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे?"

"म्हणजे काही नाही बाई. मी धूळ झटकतेय."

स्वरदा आली. घरी मराठी आणि बाहेर हिंदी, त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असत.

"सर, अंशतः म्हणजे क्या?"

"थोडंसं झालं, असं."

"थोडंसंपण नाही झालं."

"जरा विचार कर, बेटा."

"मी सोचूनच लिहिलंय, सर. मी आणि ढुंढिराजकाका संकठा घाटावर रोज सगळ्यात खाली बसतो. आता ती पायरी पाण्यात गेली. काका म्हणतात, रिकामी असेल. पण घाटावर कुठली पायरी कधी रिकामी असते, सांगा ना!"

सरांनी चिठ्ठी उलटून पाहिली. बोलण्यासारखं त्यांच्याजवळ फक्त पान क्रमांक असे.

दुपारी डबा खाऊन त्यांनी डोळे मिटले. छतावरचं पाणी हळूहळू खाली आलं. नोंदवही काखेत धरून ते घाट उतरू लागले. भोसले घाटाचा दगडी वाडा मागे वर राहिला, मग हिरवा झाला, मग दिसेना. पाण्याखाली श्वास घेता येत होता. पायऱ्या संपत नव्हत्या आणि एकही रिकामी नव्हती. प्रत्येकीवर शाळेच्या गणवेशात एकेक मूल बसलेलं, हातात ओली चिठ्ठी. सगळी शिस्तीत. घोडा उभ्याने कसा झोपतो, असं विचारणारा विश्वेश तिथे होता. त्याला सरांनी घोडदळाचा इतिहास दिला होता. बाबा घरी आले की बोलत का नाहीत, असं विचारणारी देवश्री होती. तिला आदर्श नागरिकाची कर्तव्यं, पान चाळीस. तिने तेव्हा 'अंशतः'वर खूण केली होती. फार हळू, पेन्सिलीने. आता सरांना पाहून ती जरा सरकली आणि शेजारी जागा करून दिली.

त्यांना जाग आली तेव्हा सुरेखाताई चहा ठेवत होत्या.

"सर, घाम पुसा. झोपेत कुणाची तरी माफी मागत होतात."

"किती जणांची?"

"मोजलं नाही बाई."

सरांनी नोंदवही उघडली. टाक थोडा वेळ हवेत राहिला. मग 'झालं नाही'च्या रकान्यात त्यांनी स्वरदाचं नाव लिहिलं आणि चिठ्ठीखाली पुस्तकाच्या जागी : 'माहिती उपलब्ध नाही. ग्रंथपालालाही ठाऊक नाही.'

बातमी मुख्याध्यापिका इंदू मॅडमपर्यंत दोन जिन्यांत पोहोचली. त्या धापा टाकत वर आल्या.

"सर, मानपत्राची फ्रेम झालीय! आठ दिवस थांबला असतात तर?"

"आठ दिवसांत पाणी उतरेल, मॅडम. मग प्रश्नच राहणार नाही."

"आता काय वाचू मी व्यासपीठावर?"

"माझं नाव तेवढं बरोबर छापलंय. ते वाचा."

मॅडम खाली गेल्या. मधल्या सुट्टीत स्वरदा चिठ्ठी घ्यायला आली. तिने ती उभ्याने वाचली, पुन्हा वाचली. पोर रडणार, असं सरांना वाटलं आणि त्यांनी रुमाल चाचपला.

"म्हणजे कुठल्याच किताबात नाही?"

"आपल्याकडच्या तरी नाही."

"आणि तुम्हालापण नाही माहीत? पक्का?"

"पक्का."

तिचा चेहरा असा उजळला की सरांना आधीची सगळी बक्षीस समारंभांची छायाचित्रं फिकी वाटली. तिने खुर्ची ओढली, कोपर टेबलावर टेकले आणि आवाज खाली आणला.

"मग मी सांगते. पण सर, लिहून घ्या हं. पायऱ्या खूप आहेत."

सरांनी कोरा कागद पुढे ओढला.